मदत हवी आहे: जुन्या धाटणीची कोरी जीन्स घेतली, मापाची आहे की बदलून घेऊ?

फाटका_पास (अमळनेर)

नमस्कार मंडळी,

राहतो अमळनेरला, नोकरी जळगावला, रोज रेल्वेने ये-जा. वय 41, उंची पाच फूट सात इंच. पोट थोडं सुटलेलं आहे, हे पुढे कामाचं आहे म्हणून आधीच कबूल करतो.

घोळ असा आहे. गेली दोन वर्षं रात्री जेवणं झाली की मी मोबाइलवर जुन्या अमेरिकन जीन्सचे आणि जपानी लोक तिची जी हुबेहूब प्रतिकृती शिवतात तिचे व्हिडिओ बघत बसतो. हा नाद कसा लागला ते विचारू नका. ओसाकाचे ते पाच ब्रँड, जीन्ससाठी प्रसिद्ध कोजिमा गाव, जुने शटलचे माग, सगळं तोंडपाठ झालंय. पण जपानी जीन्स घ्यायची म्हणजे दोन महिन्यांचा किराणा. शेवटी आपल्याच देशातल्या एका छोट्या कारखान्याकडून मागवली. 14 औंस म्हणजे जाड कापड, सेल्वेज म्हणजे बंद किनारीचं, कोरी म्हणजे एकदाही न धुतलेली, चेन नाही तर बटणं, आणि वर्णनात लिहिलंय ‘1947 चा कट’. किंमत 7,800. घरी 2,800 सांगितली आहे, घरचं कुणी हा धागा वाचत असेल तर ती टायपिंगची चूक समजावी.

मी कायम 34 घालतो. व्हिडिओत सगळे सांगत होते की पाण्यात आटते, दोन नंबर मोठी घ्या. म्हणून 36 मागवली. आता घातली तर कमरेत मूठ जाते, आसन खाली लोंबतं, मागे सीटवर कापडाचा झोळ होतो आणि पाय एवढे लांब की टाचेखाली येतात. कापड असं कडक की काढून ठेवली तर स्वतःच उभी राहते. आमच्या आबांनी ओट्यावरून एकदा बघितलं आणि म्हणाले, “हाई पँट शे का पोतं शे?”

बदलून मिळते, पण दहा दिवसांत आणि पाणी न लागलेली असेल तरच. चार दिवस गेले. 34 मागवू का? की ही धुऊन बघू? धुतली की परतीची वाट बंद. गावातला टेलर म्हणतो, उद्या आणा, मागून दोन इंच कंबर घेतो आणि पाय कापून देतो, दीडशे रुपये. शिवाय मागचा तो झोळ चूक आहे की तसाच असतो, हेही कुणी सांगा. फोटोतल्या जपानी पोरांना तो शोभतो. मला बघून बायको म्हणाली, कुणाची आहे?

तापीकाठचा

7,800 मा तीन जीन्स येतीस भाऊ, वरतून शेवभाजी!

फाटका_पास

ते माले माहीत शे. पुढे बोला.

शिवणटिपण (धुळे)

आधी एक काम करा, त्या टेलरकडे जाऊ नका. कोऱ्या कापडाला पाणी लागेपर्यंत कात्री लावायची नाही. लांबी आज कापाल आणि पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर येईल.

आता विकणाऱ्याला फक्त एकच विचारा: कापड सॅनफोराइज्ड आहे का? सगळं त्यावर आहे. मागावर ताणे म्हणजे उभे धागे ओढून धरलेले असतात. कापड मागावरून उतरलं तरी तो ताण त्यात राहतो आणि पाणी लागलं की सुटतो. म्हणून आटतं. 1930 च्या सुमारास सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने वाफ आणि रबरी पट्ट्यावर कापड आधीच दाबून आटवायची पद्धत काढली, त्याच्या नावावरून सॅनफोराइज. तसं कापड असेल तर धुतल्यावर एक ते तीन टक्के जाईल, म्हणजे जवळपास आहे तीच पँट राहील. नसेल तर लांबीत आठ-दहा टक्के धरून चाला, आडवं त्याहून कमी. कारण उघड आहे, ताणा पायाच्या लांबीत चालतो.

‘दोन नंबर मोठी घ्या’ हा सल्ला फक्त दुसऱ्या प्रकारच्या कापडासाठी आहे. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, किंवा इंग्रजीत भरभर सांगतात.

दुसरा प्रश्न जरा खाजगी आहे. तुम्ही पँट कुठे घालता? बेंबीवर की पोटाखाली?

फाटका_पास

पोटाखाली. सगळेच घालतात ना?

शिवणटिपण

तिथेच गडबड आहे. आपली आजची जीन्स आखूड आसनाची, ती पोटाखालीच बसते. तुम्ही घेतलेली कामकऱ्याची पँट आहे, तिची जागा बेंबीपाशी. ती खाली ओढून घातली की कंबर सैल होणार, आसन लोंबणार आणि मागे झोळ येणार. तुम्ही लिहिलेल्या चारपैकी तीन तक्रारी तिथून आलेल्या असू शकतात.

टेप घ्या. बेंबीच्या किंचित खाली स्वतःची कंबर मोजा, श्वास ओढून धरायचा नाही. मग ही जीन्स गादीवर नाही, फरशीवर सपाट पसरा, बटणं लावून. पट्ट्याची पुढची कड मागच्या कडेला जुळवा, आडवी मोजा आणि दुप्पट करा. पुढचं आसन म्हणजे चारी शिवणी मिळतात तिथून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत. मांडी त्या सांध्यापाशी आडवी. बॉटम. आतली लांबी. आणि मुख्य म्हणजे तुमची ती रोजची ‘34’ पण अशीच मोजा. लेबलवर विश्वास ठेवू नका.

केळीबागाईत (रावेर)

सेल्वेज म्हणजे भारी कापड असं समजून पैसे देणाऱ्यांसाठी: सेल्वेज म्हणजे फक्त बंद किनार. शटलच्या मागावर बाणा म्हणजे आडवा धागा परत फिरतो म्हणून किनार उसवत नाही, एवढंच. कापड चांगलं की वाईट ते कापूस, सूत आणि रंग ठरवतात. कापूस आपण पिकवायचा, आणि लाल दोऱ्याची किनार दिसली की दुप्पट पैसे पण आपणच द्यायचे.

फाटका_पास

@केळीबागाईत, खरं आहे. पण किनार दिसते छान, काय करणार.

@शिवणटिपण, रात्री दार लावून मापं घेतली.

माझी कंबर बेंबीपाशी 36.5, पोटाखाली 35.5. नवी जीन्स: कंबर 38, आसन 12.5, मांडी 12.75, बॉटम 8.5, आतली लांबी 36.

आणि माझी रोजची 34 लिहिलेली पँट: कंबर 36! आसन साडेनऊ. पंधरा वर्षं मी स्वतःला 34 समजतोय.

कारखान्याचंही उत्तर आलं. सॅनफोराइज्ड नाही, लूमस्टेट आहे, म्हणजे मागावरून उतरलं तसंच, कोमट पाण्यात कमरेत दोन इंच आणि लांबीत तीन इंचांपर्यंत आटेल म्हणे.

शिवणटिपण

मग ठेवा. 38 ची 36 होईल, चार दिवस घातल्यावर 37 ला येऊन थांबेल, तुमची 36.5. याहून चांगलं माप मिळणार नाही. आसनही उभ्या ताण्याचं आहे, त्यातला इंचभर पाण्यातच जाईल. 34 मागवली असती तर ती धुतल्यावर 34 ची झाली असती आणि तुम्ही इथे दुसरा धागा काढला असता.

पट्ट्याबद्दल एक ऐकून ठेवा, म्हणजे घाबरणार नाही. कंबरेचा पट्टा ताण्याच्या दिशेने, लांबीत कापतात. म्हणून तो खालच्या कापडापेक्षा जास्त आटतो आणि त्याखाली बारीक चुण्या पडतात. तो खराब झाला असं नाही. आटतो जास्त, तसा घातल्यावर ढिला पण तोच जास्त होतो.

जंक्शनवाला (भुसावळ)

मी असतो तर 38 नंबरची घेतली असती. भुसावळात एप्रिल-मेमध्ये 14 औंस घट्ट घालून स्कूटरवर बसून बघा एकदा. शिवाय जेवणानंतरची कंबर कुणी मोजली?

शिवणटिपण

@जंक्शनवाला, घट्ट-सैल हा आवडीचा भाग, पण डेनिम ढिलं होतं, मोठं घेतलेलं लहान होत नाही. मागे बक्कल असती तर मीही मोठी घ्या म्हटलं असतं. जुन्या जीन्सला पाठीमागे कंबर आवळायची पट्टी-बक्कल असायची. दुसऱ्या महायुद्धात धातू आणि कापड वाचवायला लिव्हाइसने ती काढली, लढाई संपल्यावर परत आणलीच नाही. यांचा कट 1947 चा, म्हणजे बक्कल नाही. तेव्हा कमरेचं काय ते मापातच बसवायला हवं.

फाटका_पास

आणि मागचा झोळ? बेंबीवर ओढल्यावर निम्मा गेला, निम्मा आहे.

शिवणटिपण

उरलेला कटाचा आहे. ही पँट वाकायला, बसायला, घोड्यावर चढायला केलेली. सीटला मोकळीक ठेवूनच कापायचे. आजच्या जीन्समध्ये ते काम स्ट्रेच करतं, म्हणून सीट चिकटलेली दिसते आणि तीच आपल्या डोळ्यांना बरोबर वाटते.

बघायचं ते असं. आरशासमोर उभे राहा. आसनाच्या सांध्यापासून आडव्या किंवा तिरप्या रेषा मांडीकडे ताणलेल्या दिसल्या तर घट्ट. पुढचे खिसे कानासारखे बाहेर उघडले तर नितंबात घट्ट. बटणांच्या मधे फटी पडल्या तरी तेच. सीटखाली उभी, सैल घडी पडत असेल तर कापड जास्त आहे, पण चालतं. मग उकिडवे बसा, पाटावर जेवायला बसतो तशी मांडी घाला. पट्टा मागून चार बोटं खाली सरकला तर आसन कमी पडतंय. नुसतं उभं राहून जीन्सचं माप कळत नाही, आणि फोटोत सगळे उभेच असतात.

केळीबागाईत

पाटावर बसून जीन्स तपासा, हे कुठल्याच व्हिडिओत नाही. 😀

दुकान_नंबर_चार (जळगाव)

विषय निघालाय म्हणून. 1995 च्या आसपास रफ अँड टफचं पाकीट मिळायचं. अरविंद मिलचं डेनिम, चेन, बटण, रिव्हेट, लेबल सगळं आत, शिवायचं आपल्या टेलरकडे. माझी पहिली जीन्स तीच. मास्तरांनी टेरिकॉटच्या पँटचा कट लावला, पुढे दोन प्लेट घातल्या. प्लेटवाली जीन्स घालून मी कॉलेजला गेलो. तेव्हा कुणी हसलं नाही, कारण वर्गात अशा सहा जणांच्या होत्या.

फाटका_पास (नऊ दिवसांनी)

उशिराबद्दल माफी. अपडेट देतो.

भिजवली. घरात टब नाही, म्हणून आईचं जुनं घंगाळ काढलं. बटणं लावून, उलटी करून, हाताला सोसेल एवढं गरम पाणी, साबण नाही. तरंगत होती म्हणून वर वरवंटा ठेवला. तासाभराने पाणी नीळ टाकल्यासारखं झालं. आई म्हणाली, रंग जातोय, फसवलं तुला, परत कर. तिला सांगितलं की सुताच्या आत रंग पोचलेलाच नसतो, वरवरच असतो, म्हणून तर पुढे घडीवर पांढरं पडतं आणि लोक त्याचेच पैसे देतात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. वरवंटा तीनदा घासून धुवावा लागला.

गच्चीवर सावलीत वाळत घातली. संध्याकाळपर्यंत कडक.

मापं: कंबर 35.75, आसन 11.5, आतली लांबी 33. पट्ट्याखाली चुण्या पडल्या, सांगितल्याप्रमाणे. पहिल्या दिवशी वरचं बटण लागेना. खाटेवर आडवा पडून लावलं आणि मग उठता येईना. तिसऱ्या दिवशी उभ्याने लागलं. आज आठवड्याने कंबर 36.75 आहे. पाटावर बसून वरण-बट्टी खाल्ली, पट्टा दोन बोटंच सरकला. ऑफिसात एकाने विचारलं, वजन कमी केलं का? बेंबीवर पँट घातल्याने पोट आत जातं, हा फायदा कुणी सांगितला नव्हता.

एक तोटा: गाडीतल्या बाकावर शेजारच्याच्या पांढऱ्या लेंग्याला निळा डाग लागला. त्यांना कळायच्या आत धरणगाव आलं आणि ते उतरले. कुणी ओळखीचे असतील तर माझ्या वतीने माफी मागा.

आता शेवटचा प्रश्न. लांबी अजून दोन-तीन इंच जास्त आहे. सध्या दुमडतो. व्हिडिओत म्हणतात की खालची कड साखळी टाक्यानेच शिवायला हवी, त्याने कड पिळल्यासारखी होते आणि तिरपे पट्टे उमटतात. युनियन स्पेशलची जुनी मशीन लागते म्हणे. खान्देशात कुणाकडे आहे?

शिवणटिपण

ती मशीन माझ्या माहितीत इकडे कुणाकडे नाही. साध्या मशीनवर जाड दोरा लावून, टाका मोठा ठेवून घ्या. पीळ कमी येईल, पण कड मजबूत होईल. किंवा दुमडूनच घाला, नाहीतरी किनार दाखवायचीय ना?

दुकान_नंबर_चार

साखळी टाका हवा असेल तर मार्केट यार्डात जा. धान्याच्या पोत्याचं तोंड ज्या हातमशीनने शिवतात ती साखळी टाकाच घालते. एक दोरा ओढला की सगळं सर्रकन उसवतं, बघितलंच असेल. आणि युनियन स्पेशल कंपनीची सुरुवातच 1881 साली शिकागोत पोती शिवायच्या मशीनपासून झाली होती. थट्टा नाही करत.

फाटका_पास

हे मी आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “मी पहिल्याच दिवशी काय सांगेल व्हतं?”