हलगलीला काय झालं : चकमक, लढाई की बंड?

प्रश्न : मुधोळ संस्थानातल्या (आज कर्नाटकात) हलगली गावात नोव्हेंबर १८५७मध्ये बेरड समाजाचे लोक आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात जे घडलं, त्याला चकमक, झटापट, लढाई, बंड असे सगळेच शब्द वापरलेले दिसतात. योग्य कोणता?

– ‘चकमक’ नको. चकमक म्हणजे मुळात ठिणगी पाडायची गारगोटी, म्हणून ती ‘उडते’ किंवा ‘झडते’. दोन तुकड्या अवचित समोरासमोर आल्या, चार बार झाले आणि पांगल्या, की ती चकमक. हलगलीत शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध जडग, बाळ आणि त्यांचे साथीदार ठरवून उभे राहिले होते, आणि फौजही ठरवूनच गावावर चालून आली. गाव पेटवलं. डिसेंबरात १९ जणांना फाशी दिली.

– ‘लढाई’ म्हटलं की दोन तुल्यबळ सैन्यं डोळ्यांपुढे येतात. मला ‘झुंज’ पटतो. झुंज देणाऱ्याचं बळ कमी असलं तरी शब्द तोकडा पडत नाही.

– झुंज चांगला, पण त्यात जाळपोळ येत नाही. या प्रसंगावर कन्नडमध्ये लावणी आहे. फौजेनं घराघरांतून काय नेलं याची त्यात यादीच आहे : हळद, जिरं, गूळ, मंगळसूत्र, अगदी दळायचं जातंसुद्धा! ती वाचल्यावर ‘झटापट’ लिहायला हात धजत नाही.

– आणि ‘बंड’?

– खुशाल वापरा, फक्त क्रियापद सांभाळा. ‘बंड मोडलं’ हे सरकारी दप्तरातलं वाक्य. ‘बंड केलं’, ‘बंड पुकारलं’ म्हटलं की कर्ता गावकरी होतो. ‘सत्तावनचं बंड’ म्हणणारे आपले आजे-पणजे काही सगळे साहेबाच्या बाजूचे नव्हते.

– जाता जाता, ‘बेरड’बद्दल. मराठीत तो निर्ढावलेल्या माणसासाठीही वापरतात आणि तो अर्थ नकळत समाजाला चिकटतो, हे मला फार खटकतं. कन्नडमध्ये ‘बेड’ म्हणजे शिकारी. निदान या संदर्भात तरी ‘बेडर’ लिहावं.

– मग वाक्य असं करा : ‘शस्त्रबंदीविरुद्ध हलगलीच्या बेडरांनी बंड केलं, चालून आलेल्या फौजेशी ते झुंजले, फौजेनं गाव जाळलं, लुटलं.’ सगळं एकाच नामात कोंबायची गरज नाही.