डिस्नेचा सगळ्यात वाईट प्रसंग: बांबीची आई नव्हे, नोत्र दामचे दगडी विदूषक

गवती_चहा:

रविवारी बहीण आणि भाची आल्या होत्या. भाची सात वर्षांची. जेवणं झाल्यावर 'बांबी' लावला. बर्फ वितळून गवताची पहिली पाती दिसायला लागली तशी बहिणीनं रिमोट हातात घेतला. "पुढे ढकलते हं, हिला नको दाखवूस." मी म्हटलं, राहू दे. त्यावरून आमचं वाजलं, आणि ते अजून मिटलं नाही म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: १९४२ चा सिनेमा, हरणाच्या पाडसाची गोष्ट. आई मान वर करते, कान टवकारते, पाडसाला पळायला सांगते. दोघं पळतात. गोळीचा आवाज. पाडस दाट झाडीत पोचतं, मागे वळून बघतं तर कोणी नाही. मेलेली हरिणी एकदाही दाखवलेली नाही. बर्फ पडत राहतो, बाप येतो आणि सांगतो की तुझी आई आता तुझ्याजवळ असू शकणार नाही. इतकंच. 'डिस्नेचे सर्वात वाईट प्रसंग' म्हटलं की हा पहिल्या नंबरावर असतो. आणि 'वॉल्टनं आई मारली' असं म्हणणाऱ्यांसाठी, आई मूळ कादंबरीतही मरते. ती साल्टनची, १९२३ ची.

माझी तक्रार पुढच्या दहा सेकंदांबद्दल आहे. बाप-लेक बर्फात दिसेनासे होतात आणि लगेच वसंत! पक्षी किलबिलाट करत गाणं म्हणताहेत, फुलं, झाडं, सगळं गोग्गोड. भाची तोवर गप्प होती, रडली नाही. गाणं सुरू झालं तशी विचारते, "मामा, ती परत आली का?" मृत्यू तिला बरोबर कळला होता. गाण्यानं घोळ घातला.

तेव्हा माझं मत असं: रडवणारा प्रसंग वाईट नसतो. स्टुडिओ आपल्याच प्रसंगाला घाबरतो आणि त्यावर घाईघाईनं साखर पेरतो, तो वाईट. याचा कळस म्हणजे १९९६ चा 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'. त्यातला न्यायाधीश फ्रोलो शेकोटीसमोर उभा राहून स्वतःच्या वासनेबद्दल आणि नरकाबद्दल गातो. लहान मुलांनाही चालेल असा 'जी' दाखला मिळालेल्या सिनेमात असं गाणं! टाळ्या. मग तो एस्मेराल्डा या जिप्सी मुलीला शोधताना पॅरिस पेटवतो. शहर जळतंय, तिच्यावर जीव जडलेला कुबडा घंटावाला क्वासिमोदो वर नोत्र दाम चर्चच्या मनोऱ्यात जीव मुठीत धरून बसलाय. आणि नेमक्या तेव्हा तीन गार्गॉइल, म्हणजे चर्चवरचे विद्रूप दगडी पुतळे, उठून त्याच्यासमोर तमाशा सुरू करतात. तू कसला भारी आहेस, ती तुझ्यावरच भाळणार. त्याच्या वाकलेल्या अंगाची तुलना फ्रेंच क्रॉइसाँ पावाशी! त्यातल्या दोघांची नावं व्हिक्टर आणि ह्यूगो. ज्या लेखकाची कादंबरी घेतली त्याच्या नावाचे दोन भाग करून विदूषकांना वाटले.

तसाच 'द फॉक्स अँड द हाउंड', १९८१, कोल्हा आणि शिकारी कुत्रा यांच्या मैत्रीची गोष्ट. म्हातारा शिकारी कुत्रा चीफ रेल्वेच्या पुलावर गाडीची धडक बसून खाली नदीत कोसळतो. सगळी गोष्ट त्या मरणावर उभी आहे, कारण कोल्ह्याचा मित्र असलेला कुत्रा त्याचाच सूड कोल्ह्यावर घ्यायला निघतो. आणि चीफ पुढच्या प्रसंगात पायाला बँडेज बांधून कुरकुरत बसलेला! तरुण चित्रकारांना तो मेलेला हवा होता, वरच्यांनी ऐकलं नाही. मोडलेल्या तंगडीसाठी कसला सूड?

बोला.

दोन_पोरांची_आई:

असहमत. कडक असहमत. तुमची भाची रात्री तिच्या घरी जाते, माझी पोरं माझ्याच पलंगावर झोपतात.

मोठा पाच वर्षांचा असताना 'पिनोकियो' लावला. लाकडी बाहुल्याची गोष्ट, १९४० चा जुना, म्हटलं साधासुधा असेल. त्यातलं ते मौजमजेचं बेट. उनाड पोरांना तिथं नेऊन हवं ते करू देतात आणि मग त्यांची गाढवं होतात. लॅम्पविक नावाचा पोरगा बिलियर्ड खेळत, सिगार ओढत पिनोकियोला हसतो आणि हसता हसता रेकतो. आरशात बघतो. मग 'वाचव मला' म्हणत पिनोकियोचा कोट धरतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत त्या बोटांचे खूर होतात. शेवटचं माणसाच्या आवाजात काय ओरडतो? "ममा!" तेही भिंतीवरच्या सावलीत. पोरगा आठवडाभर झोपण्याआधी कान चाचपून बघत होता.

पण मी याला सगळ्यात वाईट म्हणते ते भीतीमुळे नाही. एक गाढव अजून बोलू शकतं. ते आपलं नाव सांगतं, अलेक्झांडर, आणि घरी आईकडे जायचंय म्हणतं. गाडीवाला त्याला उचलून बाजूला टाकतो, बाकीच्यांना खोक्यांत भरतो, मिठाच्या खाणीत आणि सर्कशीत विकायला. पिनोकियो पळून जातो. आणि गोष्ट त्या पोरांना चक्क विसरते! कोणी सोडवायला येत नाही, गाडीवाल्याला शिक्षा होत नाही. शेवटी लाकडाचा मुलगा खरा मुलगा झाला म्हणून सगळे नाचतात. खाणीतल्या पोरांचं काय?

खवचट_खारूताई:

आणि आपल्या गोष्टीतली चिऊताई काऊला चटका देते तेव्हा पोरं खिदळतात, ते चालतं वाटतं? :)

दोन_पोरांची_आई:

खारूताई, गोष्ट मी सांगते. पोराचं तोंड बघून चटका छोटा करते, काऊला फुंकर घालते, हळद लावते. पडद्याला कुठे फुंकर घालणार?

जुनाट_व्हीसीडी:

भीती आणि साखर ठीक आहे, पण 'डंबो' कसा नाही आला अजून? १९४१, सर्कशीतल्या मोठ्या कानांच्या हत्तीच्या पिल्लाची गोष्ट. सगळे त्यातल्या कावळ्यांवर बोलतात आणि ते योग्यच आहे. म्होरक्या कावळ्याचं नाव स्टुडिओच्या कागदांत जिम क्रो. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना हेच नाव होतं. वर त्याला आवाज दिला तो क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकानं, काळ्या माणसाच्या बोलीची नक्कल करत.

चूकभूल_द्यावी_घ्यावी:

थांबा थांबा. कावळ्यांची बाजू कोणी घ्यायची? अख्ख्या सिनेमात त्या पिल्लाला उंदीर सोडून मदत करणारे फक्त तेच. हत्तिणी नाकं मुरडतात, सर्कसवाले आईला साखळदंडात ठेवतात. कावळे आधी टिंगल करतात, पण उंदरानं चार शब्द सुनावल्यावर डोळे पुसतात आणि पीस देऊन त्याला उडायला शिकवतात. बाकीच्या कावळ्यांचे आवाज हॉल जॉन्सन गायकवृंदातल्या काळ्या कलाकारांचेच होते. २०१९ च्या नव्या 'डंबो'त कावळे काढून टाकले, म्हणजे त्यातली सगळ्यात माणुसकी असलेली मंडळीच गेली.

जुनाट_व्हीसीडी:

कावळ्यांवर अर्धं मान्य. पण मग त्याआधीचा तंबू ठोकण्याचा प्रसंग बघा. रात्र, धो धो पाऊस, आणि काळे मजूर घण घालताहेत. एकाच्याही चेहऱ्याला नाकडोळे नाहीत. गाण्याचा अर्थ साधारण असा की आम्ही लिहावाचायला शिकलो नाही, मरेस्तोवर राबतो, मजुरी हातात आली की उधळतो आणि तरी मजेत असतो. जनावरांना चेहरे, माणसांना नाहीत! याची बाजू कशी घेणार?

चूकभूल_द्यावी_घ्यावी:

नाही घेत.

पेंचचा_पाहुणा:

मी नागपूरचा, तेव्हा माझं रडगाणं गावाकडचं. 'जंगल बुक', १९६७. गोष्ट सिवनीच्या जंगलातली, म्हणजे आमच्यापासून गाडीनं काही तासांवर. तिथं माकडांचा राजा कोण, तर ओरांगउटान! सुमात्रा-बोर्निओचा प्राणी मध्य प्रदेशात कुठून टपकला? मूळ पुस्तकात माकडांना राजाच नाही, तीच त्यांची गंमत. २०१६ च्या सिनेमात शहाणपण सुचलं आणि त्याला नामशेष झालेला महाकाय वानर केलं.

पण खरा राग शेवटावर. पोरगा अख्खा सिनेमाभर 'गावात जाणार नाही' म्हणून हातपाय आपटतो. वाघाला पळवून लावतो. मग नदीवर पाणी भरायला एक मुलगी येते, मुद्दाम मडकं पाडते, हा ते उचलतो, भरतो, डोक्यावर घेतो आणि खांदे उडवून चालता होतो. संपलं! बिचारा भालू बघतच राहतो.

गवती_चहा:

पेंचकर, इथं मी तुमच्या विरुद्ध. तो शेवट मला धाडसी वाटतो. मैत्री खरी असते आणि तरी एक दिवस पोरगं खांदे उडवून निघून जातं. साखर पेरायची असती तर पोराला जंगलातच ठेवला असता, जे २०१६ मध्ये केलंच की.

पेंचचा_पाहुणा:

मुलीला एक नाव तरी द्यायचं होतं. मडकं पाडणं एवढीच तिची नोकरी.

खडूस_मास्तर:

तुम्ही सगळे चित्रांवर भांडताय. मी खऱ्या जनावरांचं सांगतो.

१९५८, 'व्हाइट वाइल्डरनेस'. घरादारानं बघावा असा डिस्नेचा निसर्गपट, माहितीपटाचं ऑस्कर मिळालेला. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीनं कड्याकडे धावतात आणि एकामागून एक समुद्रात उड्या घेतात. निवेदक धीरगंभीर आवाजात सांगतो की हा उत्तर ध्रुवाकडचा समुद्र.

१९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं शोध घेतला. चित्रण आल्बर्टा प्रांतात झालेलं, आणि आल्बर्टाला समुद्रच नाही. तो 'समुद्र' म्हणजे नदी. त्या भागात लेमिंगही नसतात, ते कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतातल्या इनुइट (तिथले मूळ रहिवासी) मुलांकडून विकत आणलेले. मोठी झुंड दिसावी म्हणून बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर मूठभर प्राणी वेगवेगळ्या कोनांतून टिपले. आणि कड्यावरून उड्या? त्यांना ढकललं. लेमिंगची संख्या काही वर्षांनी अफाट वाढते, मग ते अन्नासाठी स्थलांतर करतात, पाणी ओलांडताना काही बुडतात. आत्महत्या वगैरे काही नसते. दंतकथा जुनीच होती, सिनेमानं तिला पुरावा दिला.

मी विज्ञानाचा शिक्षक. अकरा वर्षं लोकसंख्येच्या धड्याला हे उदाहरण दिलं, फळ्यावर कडा काढून. एका वर्षी मागच्या बाकावरचा पोरगा उठला, "सर, सगळेच उड्या मारतात तर दर वेळी नवीन कुठून येतात?" मी त्याला खाली बसवला. पुढे कधीतरी शोधलं तेव्हा हे सगळं कळलं. तो तेव्हा दहावी होऊन गेला होता.

गवती_चहा:

मास्तर, माझा निकष इथं तोकडा पडला, हे कबूल. हा प्रसंग घाबरलेला नाही, निर्ढावलेला आहे. तरी 'सिनेमातला प्रसंग' म्हणून मी गार्गॉइलांवरच ठाम. लेमिंगांचं प्रकरण गुन्ह्याच्या खात्यात घालू.

खडूस_मास्तर:

घाला. पण ऑस्कर सिनेमाच्या खात्यात मिळालं होतं.

दोन_पोरांची_आई:

माझं अलेक्झांडरवरून मत हललेलं नाही. मुलगा आता आठ वर्षांचा आहे आणि अजून मध्येच विचारतो, त्या गाढवांचं पुढे काय झालं. मी सांगून टाकलंय की नंतर एक परी आली आणि सगळ्यांना बसमध्ये बसवून घरी सोडलं.

गवती_चहा:

ताई! बर्फावर वसंताचं गाणं!

दोन_पोरांची_आई:

रात्रीचे पावणेबारा वाजले होते हो. तुम्ही या एकदा झोपवायला.