विंटेज म्हणजे जुनं नव्हे

'विंटेज म्हणजे जुनी, मुरलेली वाइन' असं अनेकदा म्हटलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. मूळ लॅटिन शब्द 'विन्देमिया'. त्यात 'विनुम' म्हणजे वाइन आणि 'देमेरे' म्हणजे काढून घेणं. थोडक्यात, द्राक्षांची तोडणी! जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. बाटलीवरचं विंटेज साल तोडणीचं असतं, बाटली भरल्याचं नव्हे.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची वेलींची छाटणी चालते, तेव्हा फ्रान्समध्ये तोडणी असते. आमची जानेवारी ते मार्च. पहाटेच्या गारठ्यात कात्रीने घड कापून क्रेट भरताना रसाने बोटं चिकट होतात ना, तेच खरं विंटेज. जुन्या मोटारींना हा शब्द फार नंतर चिकटला. तोडणीच्या हिशोबाने यंदाच्या मालाची वाइनसुद्धा विंटेजच की!