सर्दीची गोळी बंद करा, थेंब द्या

औषधविक्रेता, कराड
थंडी पडली, शिवारात पाचट पेटायला लागलं की कराड-वाळवा पट्ट्यात काउंटरवर एकच मागणी: "नाक चोंदलंय, सर्दीची गोळी द्या." माझं मत, चोंदलेल्या नाकाला ती देऊच नये. तिच्यातलं नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं फेनिलेफ्रिन बरंचसं आतड्याच्या भिंतीतच निकामी होतं. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए, तिच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये तोंडावाटे घ्यायचं फेनिलेफ्रिन चालू मात्रेत निरुपयोगी असल्याचं एकमताने सांगितलं. वर त्याच गोळीत पॅरासिटामॉल असतं. तापाची गोळी वेगळी घेतली की डोस दुप्पट. त्यापेक्षा नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिन ०.१ टक्क्याचे थेंब, मोठ्यांना दोन-तीन. काही मिनिटांत नाक सुटतं.

नाक-कान-घसा, मिरज
दादा, गोळीचं पटलं. थेंबांचं मुळीच नाही. थेंब रक्तवाहिन्या आवळतात, असर उतरला की त्या पुन्हा फुगतात आणि हात परत बाटलीकडे जातो. पाच-सात दिवसांपुढे गेलं की थेंबांमुळेच नाक बंद राहायला लागतं. गाजरगवताच्या परागांची ॲलर्जी महिनोन्महिने टिकते, तिला थेंब कसे पुरणार? तिथे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रेच हवा. मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीला उजवा हात, नोझल कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारला की नाकातून रक्त येतं, आणि लोक औषधालाच दोष देऊन ते सोडतात.

औषधविक्रेता, कराड
सर, स्प्रेचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. आज रात्री झोपायचं कसं? साध्या सर्दीला तीन दिवस थेंब, मग बाटली बंद, हे सांगून दिलं तर काय बिघडतं?

परिचारिका, वाई
सांगतं कोण, हाच प्रश्न आहे. बीपी, हृदयविकार, काचबिंदू आहे का, एवढं तरी विचारलं जातं का? लहान मुलांचं तर फार जपायला हवं. सर्दीच्या औषधातलं क्लोरफेनिरामाइन (ॲलर्जीविरोधी औषध) आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं, तरी घरोघरी जुन्या बाटल्या आहेत. बाळाला आधी मिठाच्या पाण्याचे थेंब, तेही मेडिकलमधले तयार सलाइनचे. मोठ्यांना नाक धुवायला पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीच नको. आणि पोरांना उकळत्या पातेल्यावर वाफ देणं थांबवा, त्यात भाजतात.

नाक-कान-घसा, मिरज
ताईंशी सहमत. दादा, तीन दिवस लेबलवर पेनने लिहून देणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी. ज्यांना आधीच सवय लागली आहे, त्यांनी एका नाकपुडीतले थेंब आधी थांबवावेत, ती मोकळी झाली की दुसरीतले, आणि सोबत स्टेरॉइड स्प्रे चालू ठेवावा. पहिले काही दिवस जड जातात. तेव्हा त्यांना नवी बाटली मात्र देऊ नका.