डेल्सफर्ड ते हेपबर्न स्प्रिंग्ज, ओढ्याकाठची टिपररी वाट: गाडी एक, माणसं पाच, कसं जमवावं?

मेलबर्नवासी:
एप्रिलअखेरीच्या शनिवारी डेल्सफर्डला जाऊन त्याच दिवशी परतायचं आहे. आम्ही दोघं नीट चालतो. सोबत सहा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले आई-बाबा. आईचा गुडघा दुखतो, सपाटीवर तासभर चालते, उतार मात्र नको. बाबा इथे गाडी चालवत नाहीत. सेलर्स क्रीकच्या काठाने जाणारी टिपररी वाट शक्य तितकी चालायची आहे. पूर्ण झेपेल का? नाही तर कुठला तुकडा घ्यावा? वाटेवरच्या खनिज झऱ्यांचं पाणी पिण्यालायक असतं का?

रानवाट:
पूर्ण वाट एका दिशेने १६ किमी आहे. डेल्सफर्ड तलावापासून हेपबर्नच्या मिनरल स्प्रिंग्ज रिझर्व्हपर्यंत पाच-सहा तास धरा. मुलगी आणि आई-बाबांना घेऊन सलग चालायचा विचार सोडा. पण या वाटेची मोठी सोय अशी की ती गाडीरस्त्याला मधे मधे भेटते: मिडलंड हायवेवरचं ट्विन ब्रिजेस, मग टिपररी स्प्रिंग्ज, ब्रायसेस फ्लॅट, ब्लोहोल (ओढ्याचा जुना बोगदा). शेवटी ब्रेकनेक गॉर्जमधून हेपबर्न.

चालणारे दोघं आहात, तर टप्पे वाटून घ्या. सकाळी नऊपर्यंत तलावावर पोचा (मेलबर्नहून साधारण दीड तास). तलावाभोवतीची वाट बहुतेक सपाट आहे, आईंना झेपेल तेवढी सगळे मिळून चाला. मग एकाने तलावाच्या सांडव्याकडून टिपररीच्या दिशेने निघायचं. दुसऱ्याने बाकीच्यांना गाडीने टिपररी स्प्रिंग्जला न्यायचं. तिथे डबा खा, किल्ली बदला, आणि आता दुसऱ्याने ब्लोहोलपर्यंत चालायचं. गाडी तिथे पुढे जाऊन थांबेल. ब्लोहोल आई-बाबांनी वरून बघावं, खाली उतरायला पायऱ्या आणि घसरडा उतार आहे.

यात बिघडतं ते भेटीच्या वेळेमुळे. दरीत मोबाइलला रेंज धड नसते. म्हणून वेळ आणि जागा निघतानाच पक्की करा, वर अर्धा तास मोकळा ठेवा, आणि त्यानंतर माणूस आला नाही तर गाडीवाल्याने काय करायचं तेही ठरवा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे ठेवणं) एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपतं, त्यामुळे महिनाअखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. दरीत त्याच्या बरंच आधी काळोखतं. चारला चालणं थांबवा.

स्वच्छतागृह दोन्ही टोकांना नक्की आहे. मधल्या थांब्यांवर भरवसा ठेवू नका. शनिवार निवडलात ते बरं केलंत. रविवारी डेल्सफर्ड स्टेशनवर बाजार भरतो आणि गावात गाडी लावायला जागा मिळत नाही.

पाटाडी:
वरच्या उत्तरात एक भर. ही वाट कधी सपाट आणि कधी अचानक खडी का होते ते कळलं की कुठे सावध राहायचं ते आपोआप कळतं. बऱ्याच ठिकाणी ती सोन्याच्या खाणकामाच्या जुन्या पाटांवरून जाते. एकोणिसाव्या शतकात डोंगराच्या कडेने अगदी मंद उताराचे पाट खणून पाणी आणलं जाई, माती धुऊन सोनं काढायला. म्हणून पाटावर चालताना चढ जाणवत नाही. पण जिथे घळीने पाट तोडलाय तिथे वाट एकदम खाली उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. गुडघ्याला त्रास होणार तो नेमका इथे. एकूण चढाई फार नाही, हे तुकडे मात्र खडे आहेत. युकॅलिप्टसची कोरडी पानं आणि सालपटं खड्यांवर पसरलेली असतात, त्यावरून पाय सटकतो. उतरताना काठी पुढे टेकवा, पावलं लहान ठेवा. बुटांना खोल नक्षी हवी, सपाट तळव्याचे नकोत.

ब्लोहोल नैसर्गिक नाही. ओढा इथे एका सोंडेला लांब वळसा घालून जात होता. खाणकामगारांनी सोंडेतून बोगदा पाडून पाणी थेट पलीकडे काढलं. वळशातलं पात्र कोरडं पडलं आणि तिथला गाळ उपसता आला. हे समजून बघितलंत तर जुनं पात्रही ओळखू येतं, बाबांना ते नक्की दाखवा. एप्रिलमध्ये पाऊस झाला नसेल तर बोगद्यातून जेमतेम धार येते. जोरदार प्रवाह हवा तर हिवाळाअखेर किंवा वसंतात जावं. पाणी कितीही कमी दिसलं तरी बोगद्यात शिरू नका.

मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाचं: वाट सोडायची नाही. आजूबाजूला जुन्या खाणींचे उभे खड्डे आहेत, काही झुडपांनी झाकलेले. लघवीसाठी आडोशाला जायचं झालं तरी मोठ्या माणसाने पुढे होऊन जमीन पाहावी.

खनिजपाणी:
पाण्याबद्दल. झऱ्यावर बसवलेल्या हापशाचं पाणी प्या, ओढ्याचं नको. ओढ्यात शेतातलं आणि जुन्या खाणींच्या मातीतलं काय काय येतं, उकळून सगळं जात नाही. हापशावर आधी सूचनाफलक वाचा. पुरानंतर झरा बंद ठेवलेला असू शकतो.

हापसा सुरुवातीला दहाएक वेळा मारून पाणी वाहू द्या, मग बाटली लावा. पाणी नैसर्गिकरीत्याच फसफसतं, चवीला लोखंडी लागतं. त्यात बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह असतं. हवा लागली की लोहाचा तांबूस गाळ बसतो आणि वायू उडून जातो. म्हणून घरी न्यायला भरपूर भरण्यात अर्थ नाही, तिथेच ताजं प्या. चहाला तर नकोच, लोहामुळे काळपट होतो. प्रत्येक झऱ्याची चव निराळी आहे, टिपररीची आणि हेपबर्नच्या लोकार्नोची एकामागून एक घेऊन बघा. वडील मंडळींना मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा मीठ कमी करायला सांगितलं असेल तर दोन घोट चवीपुरते. चालण्यासाठी माणशी दीड-दोन लिटर साधं पाणी घरूनच न्या.

रानवाट:
साप राहिला. एप्रिलअखेरीस थंडी पडू लागते, पण उन्हाच्या दुपारी ते वाटेवर येतात. प्रत्येक गटाजवळ १० सेंमी रुंद लवचिक बँडेज दोन हवीत. तुमचे गट दोन, म्हणजे चार घ्या. चावा झाल्यास जखम धुवायची नाही, कापायची नाही. एक बँडेज चाव्यावर घट्ट, दुसरं बोटांपासून वरपर्यंत पूर्ण पायाला, वर काठीचा आधार, आणि माणसाला जागेवरून हलू द्यायचं नाही. ००० या आपत्कालीन नंबरला फोन. इमर्जन्सी प्लस अ‍ॅप ठिकाण दाखवतं, ते आधीच घ्या. निघायच्या सकाळी विकइमर्जन्सीवर (राज्याची आपत्ती-सूचना सेवा) आगीचा धोका आणि पार्क्स व्हिक्टोरियाच्या पानावर वाट बंद आहे का ते बघा. जून २०२१ च्या वादळात या भागात प्रचंड झाडं पडली होती; जोराच्या वाऱ्याच्या दिवशी या जंगलात जाऊच नये.

मेलबर्नवासी:
सगळ्यांचे आभार. टप्पे वाटून घेतो. शेवटचं एक: हेपबर्नच्या टोकाला आईला गाडीतून उतरून किती चालावं लागेल? आणि शेजाऱ्यांचा कुत्राही सोबत न्यावा म्हणतोय, चालेल?

रानवाट:
अगदी थोडं. झरे आणि खनिज पाण्याचं स्नानगृह गाडीतळापासून जवळ आहेत, वाट पक्की आहे, बसायला बाकं आहेत. तलावावर चालणं झालं नाही तर आईंना इथेच फिरवा. ही वाट ज्यातून जाते त्या हेपबर्न रिजनल पार्कमध्ये कुत्रा चालतो, पण पट्टा बांधून, पूर्ण वेळ.