मदत हवी आहे: दहावीच्या अभ्यासासाठी मोबाईलशिवाय टायमर

नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला आहे. पोमोडोरो पद्धतीने अभ्यास करते: २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. (फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर घेऊन ही पद्धत बसवली.) पद्धत तिला मानवली आहे, अडतंय ते मोबाईलपाशी. गजर बंद करायला हातात घेतला की मेसेज दिसतात, पाचाची वीस मिनिटं होतात. चावीचा टायमर आणला, तर टिकटिकीने लक्ष उडतं. शिवाय बीजगणिताचं उदाहरण अर्ध्यावर असताना घंटा वाजली की पोर रडकुंडीला येते.

आवाज न करणारा, उरलेला वेळ नुसता डोळ्यांना दिसेल असा टायमर कुणी वापरलाय का? आणि गणितासाठी किती मिनिटं लावता?