आत्यांच्या स्मरणिकेत काय घ्यावे, काय गाळावे?

नौपाडकर (ठाणे)

नमस्कार. माझ्या थोरल्या आत्या गेल्या वैशाखात वयाच्या ९३ व्या वर्षी मुरबाडला वारल्या. १९५० च्या सुमारास लग्न होऊन त्या तेथे गेल्या आणि शेवटपर्यंत तेथेच राहिल्या. रेल्वे नसलेल्या त्या तालुक्याच्या गावात त्यांनी महिला मंडळ उभे केले, स्वतःच्या ओसरीवर बालवाडी चालवली, अडलेल्या बाळंतिणीला घेऊन रात्री-अपरात्री कल्याण गाठले, आणि तालुक्यातील म्हसा गावच्या यात्रेत चुकलेली मुले सांभाळायचे काम तर पंच्याहत्तरी उलटली तरी सोडले नाही.

आम्ही भाचरे आता बहुतेक ठाण्यात आणि नवी मुंबईत आहोत. वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढायचे ठरले, आठवणी मागवल्या, आणि आलेले लेख वाचून मी थबकलो. 'निःस्वार्थी', 'सेवाव्रती', 'सर्वांची माय' ही विशेषणे काढली तर त्यांत आत्या उरतच नाहीत; हेच लेख उद्या शहापूरच्या एखाद्या बाईंवर छापले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

त्यांच्या ट्रंकेत मात्र हिशोबाच्या वह्या निघाल्या आहेत. वही एका बाजूने उघडली की मंडळाचा जमाखर्च, उलटी करून उघडली की घरचे दूध-किराणा, आणि मधल्या पानांवर दोन्ही हिशोब येऊन भिडलेले. 'कंदिलाची काच', 'सतरंजी भाडे', 'मुष्टिफंड तांदूळ २ पायली, पैकी १ बाळंतिणीस' अशा नोंदी आहेत (मुष्टिफंड म्हणजे घरोघरून मूठ-मूठ गोळा केलेले धान्य). तिथी बहुतेक ठिकाणी आहे, साल कोठेच नाही. या वह्यांचा काळ कसा ठरवावा?

दुसरा प्रश्न अवघड आहे. १९८० च्या आसपास मंडळाच्या सभागृहावरून वाद झाला आणि आत्या काही वर्षे मंडळापासून दूर राहिल्या. सभागृह लग्नकार्यांना भाड्याने द्यावे असे इतरांचे म्हणणे होते आणि बालवाडीची मुले मग बसणार कोठे, असे आत्यांचे. गेलेल्या माणसाविषयी असे काही छापू नये, असे घरातील ज्येष्ठ म्हणतात. मला ते गाळणे पटत नाही. आपणांपैकी कोणी असे काम केले असल्यास कृपया सांगावे.

खाडीकाठ

वह्या मिळाल्या हे भाग्य समजा. बहुतेक घरांत त्या रद्दीत जातात.

काळ ठरवण्यासाठी आधी पैशांकडे पाहा. आणे-पै असतील तर ती पाने बहुधा १९५७ पूर्वीची किंवा त्याच्या जवळपासची, कारण १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. 'न. पै.', म्हणजे 'नये पैसे', असे लिहिले असेल तर आणखी सोपे. 'नये' हा शब्द १९६४ मध्ये अधिकृतपणे वगळला गेला, तरी लिहिणाऱ्याच्या हाताची सवय आणखी काही वर्षे टिकली असेल, हे लक्षात ठेवून अंदाज करावा. पायली-शेरावरून मात्र काहीही ठरवू नका. किलो कायद्याने आला तरी तांदूळ मोजायची पायली आपल्या जिल्ह्यातील घरांतून कितीतरी उशिरा गेली.

तिथीबरोबर वारही लिहिलेला असेल तर जुनी पंचांगे काढून बसा. समजा 'पौष पौर्णिमा, सोमवार' अशी म्हशाच्या यात्रेची नोंद आहे. पंधरा वर्षांच्या पट्ट्यात अशी दोन-तीनच साले निघतील. एखाद्या पानावर अधिक महिना सापडला तर सोन्याहून पिवळे, कारण तोच अधिक मास पुन्हा येण्यास बहुधा ८, ११ किंवा १९ वर्षे लागतात. पंचांगांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारावे; १८९३ पासूनची संस्था आहे, आणि नौपाड्याहून तुम्हांला पायी जाता येईल.

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल तर धर्मादाय कार्यालयात त्याचा नोंदणी उतारा मिळू शकतो. कार्यकारिणी बदलली की तेथे फेरफार अहवाल द्यावा लागतो. आत्या मंडळातून कधी बाहेर पडल्या आणि कधी परत आल्या, हे घरच्यांच्या आठवणीपेक्षा त्या अहवालांवरून अधिक नेमके कळेल, अर्थात मंडळाने ते वेळच्या वेळी दिले असतील तर.

सानपाड्याहून

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाडच्या अनुताई वाघांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे, असे सुचवतो. (कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले, पण अनुताई होत्या तोवर ते ठाण्याचेच.) ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले, १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत पुढे नेले. लहानपणीच वैधव्य आलेल्या या बाईंची थोरवी 'त्यागमूर्ती' म्हटल्याने कळत नाही. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर वर्ग भरवला, एवढे सांगितले की वाचणाऱ्याला त्या बाई दिसू लागतात.

तुमच्या आत्यांची बालवाडी कधीची, हे वह्यांतून अवश्य शोधा. सरकारची एकात्मिक बालविकास योजना (अंगणवाड्या याच योजनेतल्या) २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातील अवघ्या ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि पसरायला पुढे बरीच वर्षे लागली. ओसरीवरची बालवाडी त्याआधीची निघाली, तर मानधन नाही, खाऊचा पुरवठा नाही, अशा दिवसांत ती कशावर चालली, याचे उत्तर त्या मुष्टिफंडाच्या तांदळात आहे. माझे मत विचाराल तर स्मरणिकेचा मुख्य लेख त्या दोन पायल्यांवरच लिहावा आणि आलेल्या लेखांतील चांगले तेवढे परिच्छेद त्याच्या मागे लावावेत.

पारसिकची लेक

माझी आई अशीच 'गावाची ताई' होती, म्हणून थोडे वेगळे लिहिते.

आत्या रात्री बाळंतिणीला घेऊन कल्याणला जात, तेव्हा सकाळी त्यांच्या घरची चूल कोणी पेटवली? त्यांच्या मुलांचे डबे कोणी भरले? आमच्या घरी हे काम माझ्या काकूने केले, आणि आईच्या सत्काराच्या फोटोंत ती एकदाही नाही, कारण तेव्हा ती आत पाहुण्यांचा चहा करत होती. आईविषयी मला अभिमान आहे, पण काकूला वगळून लिहिलेले आईचे चरित्र मला अर्धे वाटते. वहीची घरची बाजू छापताना ती कोणाच्या हस्ताक्षरात आहे, तेही पाहा.

आणखी एक. नवऱ्याच्या मारामुळे आत्यांच्या आश्रयाला आलेल्या बायकांचे उल्लेख आठवणींत किंवा वह्यांत असणारच. ते छापताना नाव नको, आडनाव नको, पाडाही नको. त्यांच्या लेकीसुना आज त्याच गावात नांदत असतील. बाळंतपणाच्या नोंदींनाही हाच नियम लावावा.

जुना मुरबाडकर

घरातील ज्येष्ठांशी मी थोडा सहमत आहे. वाद लिहावा, पण दुसऱ्या बाजूच्या बायका वाईट ठरतील असा लिहू नये. भाड्याशिवाय सभागृहाचे छप्पर कसे शाकारायचे, हा त्यांचाही प्रश्न खरा होता. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो कळेल. वाद छापण्याच्या बाजूने मात्र एक सांगतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा बंधनकारक झाल्या. १९८० साली गावातील बायकांना ठराव मांडायला, मत द्यायला आणि हरायलाही मंडळाची सभा हीच जागा होती. तुमच्या आत्या तेथे हरल्या आणि काही वर्षांनी त्याच मंडळात परत आल्या. गावात रुसून कायमची बसलेली माणसे पुष्कळ पाहिली, परत येणारी थोडी.

नौपाडकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वह्या पुन्हा काढल्या. दोन वह्यांत 'न. पै.' आहे आणि त्यांतल्या एकीत 'पाटी-पेन्सिल, बालवाडी' अशी नोंदही आहे, म्हणजे बालवाडी १९७५ च्या बरीच आधीची धरायला हरकत नाही. घरच्या बाजूचे हस्ताक्षर आत्यांचे नाही. ते त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचे आहे. त्या आता कळव्याला मुलाकडे असतात; वय ८८, ऐकू कमी येते, पण बोलणे खणखणीत. आजवर त्यांच्याकडून लेख मागवावा असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते. या रविवारी वह्या घेऊन त्यांच्याकडे जात आहे.

पारसिकची लेक

जाताना भिंगही न्या. आणि 'आत्यांविषयी काही सांगा' असे विचारू नका, नाहीतर त्याही 'देवमाणूस होत्या' एवढेच म्हणून गप्प बसतील. एकेक नोंद मोठ्याने वाचा आणि हा तांदूळ कोणी मोजला, कोणाकडे पोचवला, घरात त्या दिवशी काय शिजले, असे विचारा. सूनबाई चहाला उठल्या तर त्यांनाही तेथेच बसवून घ्या. चहा तुम्ही करा.